अडकलेले : दोन

"पुरुषांना गर्भाशय नसतं, साहेब," विमा कंपनीच्या काउंटरवरची बाई म्हणाली.

"मलाही हेच म्हणायचंय," मी म्हणालो, "पण ते ऐकत नाही ना."

ती हसली नाही. तिने आवाज खाली आणला, आणि तिने आवाज खाली आणला म्हणूनच मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी कान टवकारले. मग तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. वाईट असती तर मला निदान भांडता आलं असतं.

"हे बघा. नावापुढे पुरुष आहे, म्हणून तुमचं ऑपरेशन यादीत येतच नाही. मी हाताने टाकलं तरी घेत नाही. हर्निया घेतं, प्रोस्टेट घेतं..."

"प्रोस्टेट माझ्याकडे नाही."

"मला कळतंय हो."

"मग पुरुषच्या जागी स्त्री करा. एकदा काम होऊ दे, पुढच्या महिन्यात परत पुरुष करा."

"तसं केलं तर पॉलिसी चार वर्षं चुकीच्या माहितीवर चालली असं होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून रद्द. आणि तुमच्या ओळखपत्रावर तर पुरुषच आहे." मग तिला आणखी काहीतरी दिसलं आणि तिचा चेहरा पडला. "फॉर्ममध्ये 'नियमित औषधे' याच्यापुढे 'नाही' लिहिलंय. डॉक्टरांच्या कागदावर दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन, आठ वर्षं. याला माहिती लपवली असं म्हणतात, साहेब. मी हा कागद बघितला नाही असं समजते. तुम्ही तो आत ठेवा."

मी तो आत ठेवला. शेवटपर्यंत ती मला साहेब म्हणत राहिली, एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं.

मी जन्माला आलो तेव्हा घरच्यांनी मुलगी झाली म्हणून सगळ्यांना कळवलं. ती चूक सुधारायला मला पंचवीस वर्षं लागली आणि कागदांवर सुधारायला आणखी तीन. त्या तीन वर्षांत चपला झिजवून मी एकेका कागदावर 'पुरुष' हा शब्द मिळवला होता. आता तोच शब्द माझ्या उरावर बसला होता.

पोटात गाठी होत्या. रक्त जायचं ते थांबायचं नाही. तपासणीत रक्त सहावर आलेलं दिसलं, ते बाराच्या वर हवं. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणारी होती. "पिशवी काढायलाच हवी, महिन्याच्या आत. तुम्ही लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करता म्हणता. एक दिवस चक्कर येईल आणि तुम्ही थेट तळाला जाल." खिशातून भरणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात गेलो, तर कागद बघून त्यांनी पुरुषांच्या खिडकीवर पाठवलं. तिथल्याने रिपोर्ट बघून बायकांच्या खिडकीवर पाठवलं. तिथे वॉचमनने दाढी बघून मला दारातच अडवलं. दोन खिडक्यांमध्ये माझा अख्खा दिवस गेला आणि नंबर मिळाला तो आठ महिन्यांनंतरचा, तोही पुरुषांच्या बाजूचा.

आयुर्विम्याचा अनुभव गाठीशी होताच. दोन वर्षांपूर्वी ताईच्या मुलींसाठी काढायला गेलो होतो. पुरुषांच्या मरणाचा तक्ता वेगळा असतो आणि बायकांच्या मरणाचा वेगळा, हे मला तिथे कळलं. मी नक्की कोणत्या तक्त्याप्रमाणे मरणार हे ठरेना, म्हणून त्यांनी मला न मारताच परत पाठवलं.

फॉर्मवरचा तो 'नाही' माझ्या हातचा नव्हता. तो मिस्त्रींचा होता.

मिस्त्री म्हणजे माझे गुरू, मालक, जोडीदार, जे म्हणाल ते. आम्ही दोघं मिळून एकोणीस इमारतींच्या लिफ्ट बघतो. त्यांनीच पहिल्या दिवशी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हटलं होतं, "ए बारक्या, तू त्या फटीतून जाशील बघ." मी गेलो. तेव्हापासून मी बारक्या. माझ्या अंगावरून मला कोणी पुल्लिंगी नाव देईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका मी खूश होतो. पुढे एकदा माझ्या हत्यारांच्या पेटीत त्यांना माझं पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन सापडलं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेटीत ओल असते. सुया वेगळ्या डब्यात ठेव."

मिस्त्रींचं एकच वेड, नोंदवही. प्रत्येक इमारतीच्या मशीन रूममध्ये एक वही असते. ज्याने काम केलं त्याने लिहायचं, दुसऱ्याने ते मोठ्याने वाचायचं आणि खाली 'वाचलं' म्हणून सही करायची. पान लागलं की वर आकडा घालायचा. पान फाडायचं नाही. लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर त्यांची नावं विचारायची आणि तीही लिहायची. "दोरावर माणसं टांगतो आपण," ते म्हणायचे, "इथे थाप मारली तर ती कुणाच्या तरी डोक्यावर पडते."

असा माणूस, पण कंपनीचा विम्याचा फॉर्म आला तेव्हा माझा हात अडला म्हणून त्यांनी पेन घेतलं. औषधांच्या रकान्याशी थांबून त्यांनी विचारलं, "खरं सांगितलं तर देतील?"

"नाही देणार."

त्यांनी पेन दोनदा झटकलं आणि लिहिलं, 'नाही'. वर म्हणाले, "एवढं चालतं. हा काही लिफ्टचा कागद नाही." आयुष्यात त्यांनी एकच खोटी नोंद केली, आणि ती माझ्यासाठी.

मार्ग ताईने काढला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एका मोठ्या धुलाई केंद्रात चादरींना इस्त्री करते. हातावर इतके चटके, की आता तिला गरम लागतच नाही. भाऊजी बस डेपोत आहेत. त्यांच्या नोकरीतून ताईचा विमा आहे.

"माझ्या नावावर करून टाक," ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "मी बाई आहे. मला गर्भाशय आहे. कॉम्प्युटरला काय हरकत आहे?"

"ताई, मग कागदावर तुझं गर्भाशय जाईल."

"जाऊ दे. दोन पोरी झाल्या, आता कशाला पाहिजे?"

"आणि उद्या तुलाच काही झालं तर? तुझी तर पिशवीच नाही म्हणतील. मग काय दाखवशील?"

"उद्याचं उद्या. तू आज पांढरा पडलायस." तिने चादर खाली ठेवली. "भावड्या, तुला मी लहानपणी माझा फ्रॉक घालायला लावला म्हणून तू दोन दिवस बोलला नव्हतास. आठवतंय मला. आता शेवटचं एकदा घाल. तुझ्या पाया पडते."

मोठी बहीण पाया पडते म्हणाल्यावर माणूस काय करणार? डॉक्टरबाईला मी खरं सांगितलं. ती रिपोर्ट बाजूला सारून म्हणाली, "नाव बघणं माझं काम नाही. पोट बघणं माझं काम आहे. पण पकडले गेलात तर मला माहीत नव्हतं." विमा एकाच रुग्णालयात चालणार होता. ते रुग्णालय आमच्या एकोणिसांतलं एक होतं.

मिस्त्रींना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो 'नाही' त्यांनी जन्मभर स्वतःच्या जिवाला लावून घेतला असता. आतड्याचं ऑपरेशन आहे, लांबच्या गावी, असं म्हटलं. आणखीही एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. मागच्या फेरीत त्याच रुग्णालयात पाचव्या मजल्याच्या दरवाजाचा कॉन्टॅक्ट तपासायला लिफ्टच्या टपावर चढायचं होतं. तो नीट जुळला नाही, तर लिफ्ट मध्येच बंद पडते. मला घेरी येत होती. मी चढलो नाही. वहीत 'तपासला' असं लिहिलं आणि मिस्त्रींनी ते मोठ्याने वाचून खाली सही केली.

ठरलेल्या सकाळी ताईने मला तिच्या न्हाणीघरात बसवलं आणि वस्तरा माझ्या हातात दिला. दाढी काही फार नव्हती. पण हनुवटीवरचा पहिला केस आला तेव्हा मी तो ताईला फोन करून सांगितला होता. आता सगळे केस बादलीत पडले. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. ताईने आरशावर टॉवेल टाकला. मग तिने मला तिचा ड्रेस घातला, माझ्या डोक्यावर ओढणी पांघरली, आणि तिचं ओळखपत्र दिलं. त्यावरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा. त्यात ती कुणाचीही बहीण वाटली असती.

"आवाजाचं काय?"

"घसा बसलाय म्हण," ताई म्हणाली. "आणि पाय फाकवून बसू नकोस, मेल्या."

ती घरीच राहिली. एकाच नावाच्या दोन बायका रुग्णालयात कशा चालणार? माझ्याबरोबर भाऊजी आले, नवरा म्हणून. आमचे भाऊजी असे, की स्वतःच्या बायकोचा हातही त्यांनी चारचौघांत कधी धरला नसेल. फॉर्मवर 'पती' या शब्दापुढे सही करताना त्यांना दरदरून घाम फुटला. नर्स म्हणाली, "तुमचे मिस्टर किती घाबरलेत! खूप जीव दिसतो तुमच्यावर." मी घसा बसल्याची खूण केली. तिने माझ्या मनगटावर ताईच्या नावाचा पट्टा बांधला आणि मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. भाऊजी फाईल घेऊन जिन्याने पुढे गेले.

ऑपरेशन सातव्या मजल्यावर होतं. लिफ्टमध्ये शिरलो तेव्हाच मला तिचा आवाज आवडला नाही. चौथा गेला. पाचव्याच्या थोडं अलीकडे एक कट्ट असा आवाज झाला आणि गाडी थांबली.

त्या आवाजाचा अर्थ नर्सला कळला नाही. मला कळला. पाचव्याचा कॉन्टॅक्ट. माझा 'तपासला'.

नर्सने सगळी बटणं दाबली. मग घंटा दाबली, मग ती घाबरली. वय असेल तेवीस-चोवीस. "हवा संपणार नाही ना हो?" संपत नाही, वर झरोके असतात, हे मी हजार लोकांना सांगितलंय. तिला सांगता आलं नाही. घसा बसलेल्या बाईला लिफ्टच्या झरोक्यांची माहिती कशी असेल? मी तिचा हात धरून बसलो. माझी छाती ओढणीखाली मोकळी होती. ती मी रोज आवळून बांधतो, आज बांधली नव्हती. त्या लोखंडी पेटीत मला माझंच अंग नकोसं झालं. आत दोन बायका आहेत असं सगळं जग समजत होतं, आणि बाहेर यायचं तर मला तेच समजू द्यायचं होतं. इतका कोंडलेला मी अंधाऱ्या शाफ्टमध्येही कधी नव्हतो.

अर्धा तास गेला. ऑपरेशनची वेळ टळत होती. मग वरून ओळखीची हाक आली.

"आत किती जण? नावं सांगा!"

मिस्त्री.

नर्स ओरडली, "दोघी आहोत! मी नर्स, आणि एक पेशंट!"

"पेशंटचं नाव?"

तिने माझं मनगट उचलून ताईचं नाव वाचलं, आडनावासकट. ताई मिस्त्रींना डबा पाठवते, त्यांच्या नातवाच्या बारशाला गेली होती. मग त्यांचा आवाज आला, एकदम वेगळा, काळजीचा.

"ताई? तुम्ही आहात होय? अजिबात घाबरू नका. मी आलोय. बोला ना काहीतरी, ताई!"

मी नर्सला घशाची खूण केली.

"घसा बसलाय त्यांचा!" नर्स म्हणाली.

"असू दे, असू दे. आमचा बारक्या असता तर पाच मिनिटांत काढलं असतं. एकटा आहे मी, थोडा वेळ लागेल. ताई, धीर धरा."

मी तोंडात ओढणी कोंबली. ब्रेक सुटल्याचा आवाज आला. वरच्या मशीनचं चाक हाताने फिरायला लागलं आणि गाडी बोट-बोट वर सरकू लागली. एकट्याने ते चाक फिरवणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. त्यांचं वय साठ. प्रत्येक इंचाला ते वरून म्हणत होते, "आलं हं, ताई, आलं."

पाचव्यावर गाडी टेकली. जिन्यावरून पावलं उतरत आली, किल्ली फिरली, दार उघडलं.

मिस्त्री घामाने निथळत होते. चेहऱ्यावर ताईसाठीचं हसू तयार होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गुळगुळीत हनुवटी, ओढणी, मनगटावरचा पट्टा. ते हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. त्यांना काय काय समजलं ते मला त्या डोळ्यांत एकेक करून दिसलं. आतडं, लांबचं गाव, फॉर्मवरचा 'नाही'.

नर्स तिथेच उभी होती. मिस्त्रींनी पुसायच्या कापडाला हात पुसले, पुढे केले आणि आठ वर्षांत एकदाही चुकून तोंडातून न गेलेला शब्द स्पष्ट, मोठ्याने उच्चारला.

"या, बाई. पाय जपून टाका. खाली उंबरा आहे."

मी त्यांचा हात धरून बाहेर आलो. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटत होतं.

ऑपरेशन झालं. उशिरा झालं, पण झालं. रक्त थांबलं.

दोन महिन्यांनी मी कामावर आलो. हनुवटीवर पुन्हा खुंट आले होते. मिस्त्री म्हणाले, "आलास बारक्या?" मी म्हटलं, "आलो." त्यापलीकडे आम्ही त्याबद्दल बोललो नाही. तीन दिवसांनी त्या रुग्णालयाची फेरी होती, आणि आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला. विमा कंपनीचा तपासनीस रुग्णालयात येणार होता. ताईच्या कागदांवर 'लिफ्टमध्ये अडकल्याने पन्नास मिनिटे उशीर' असं लिहिलेलं होतं. त्याला खात्री करायची होती. त्याने लिफ्टची वही मागितली होती.

"वहीत काय आहे रे?" ताईने विचारलं. तिचा आवाज इस्त्रीसारखा सपाट होता. ती घाबरली की असाच होतो. "पकडलं तर ह्यांची नोकरी जाईल. मला पोलिसांत नेतील का रे, भावड्या?"

मी म्हटलं, काही नाही होणार. हल्ली मला हे चटकन म्हणता येतं.

मशीन रूममध्ये मी वही उघडली. शेवटची नोंद मी अडकलो त्या दिवसाची होती, मिस्त्रींच्या गोल अक्षरात.

'पान ११३. गाडी पाचव्याखाली बंद. कारण : दरवाजाचा कॉन्टॅक्ट. मागच्या फेरीत तपासला नव्हता, मी न बघता सही केली. अडकलेले : दोन. परिचारिका एक. आमचा बारक्या एक.'

खाली 'वाचलं' आणि माझ्या सहीची रिकामी जागा.

मी ते परत वाचलं. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, ओळखपत्र, पॉलिसी, मनगटावरचा पट्टा. एवढ्या कागदांत कुठे अर्धा होतो, कुठे उसना. या एका ओळीत मी अख्खा होतो, आणि ही ओळ ताईला तुरुंगात घालू शकत होती.

मिस्त्री ब्रेकजवळ माझ्याकडे पाठ करून बसले होते. "मला तिथे खोटं लिहिता आलं नाही रे," ते म्हणाले. "त्या फॉर्मवर लिहिलं, त्याचं काय झालं ते बघितलं. म्हणून इथे नाही लिहिलं." मग म्हणाले, "पण ताईंचं मला कळलंय. तू काय करायचं ते कर. मी तिकडे बघत नाही."

मी पान फाडलं. त्या वहीतून फाडलेलं पहिलं पान. आवाज केवढा झाला! मग नव्या पानावर मी माझ्या हाताने आकडा घातला, ११३, आणि लिहायला घेतलं. गाडी बंद, कारण, वेळ. आणि त्यापुढे, 'अडकलेल्या : दोन. परिचारिका एक.' त्याच्याखाली ताईचं पूर्ण नाव, आणि कंसात, 'स्त्री'.

माझं अक्षर चांगलं आलं. मी सही केली आणि वही पुढे केली.

"वाचा," मी म्हणालो.

मिस्त्रींनी चष्मा लावला. नियमाप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. 'दोन' या शब्दापर्यंत आले आणि त्यांचा आवाज बंद झाला. पुढचं त्यांनी मनातच वाचलं. मग पेन दोनदा झटकलं आणि 'वाचलं' लिहून सही केली.

फाडलेलं पान मी घडी घालून बुटात ठेवलं. आम्ही सात मजले जिन्याने उतरलो. पाऊल टाकलं की ते टाचेला टोचत होतं.